बेबीचं कॉलेज आणि नवारीचा पट्टा

बेबी माझी मामेबहीण. वय ४३, दोन मुलं, चष्मा, केसांत बऱ्यापैकी पांढरं, पण घरात अजून बेबीच. पुण्यातून बीकॉम केलं, लग्न होऊन ओहायोला गेली, तिकडे व्हिसाच्या भानगडीत कितीतरी वर्षं नुसती घरी बसली, मग एकदाचं ग्रीन कार्ड आलं आणि एक दिवस फॅमिली ग्रुपवर तिचा मेसेज, मी कॉलेजला ॲडमिशन घेतलीय, फिजिकल थेरपिस्ट असिस्टंटचा कोर्स. मोठ्या काकांनी हात जोडलेला इमोजी टाकला, तो ते वाढदिवसाला पण टाकतात आणि कुणी गेल्यावर पण. आणि एकीने विचारलं, म्हणजे मालिशवाली का गं? ती एक म्हणजे मीच. दोन मिनिटांत डिलीट केलं पण तिने वाचलं होतं. काही बोलली नाही. त्याची लाज मला वाटली ती नंतर, खूप नंतर, गेल्या श्रावणात.

अप्पा म्हणजे माझे वडील. वय ७९. खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत ३४ वर्षं नोकरी, बोपोडीहून सायकलवर जाऊन-येऊन. शुगर नाही, बीपी होतं पण गोळी आठवली तर घ्यायची असा कारभार. एका सकाळी डाव्या हातातली बशी पडली, आम्ही म्हटलं पडली असेल, मग ते उचलायला वाकले आणि तसेच डावीकडे कलत गेले. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी, त्यामुळे डावं अंग गेलं. दवाखान्यातले ११ दिवस सांगत बसत नाही, ते सगळ्यांच्या घरी सारखेच असतात, डबे, बिलं, लिफ्टची रांग आणि तुम्ही पेशंटचे कोण. डिस्चार्जच्या कागदावर औषधांची दीड पान यादी होती आणि सगळ्यात खाली एक ओळ, फिजिओथेरपी चालू ठेवणे. बास. कशी, कुणी, दिवसातून किती वेळा, काही नाही.

मग ओळखीतून एक फिजिओ मॅडम मिळाल्या. २६ वर्षांच्या, ॲक्टिव्हावर यायच्या, आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास. हुशार पोरगी. पहिल्या दिवशी अप्पांच्या हातापायाला हात लावायच्या आधी समोर बसून विचारलं, काका, तुम्हाला काय करायचंय? अप्पा जड जिभेने म्हणाले, कट्टा. आमच्या बिल्डिंगखाली कट्टा आहे, तिथे यांची रिटायर लोकांची संसद भरते संध्याकाळी, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, ३२ पायऱ्या. मॅडम मोजून आल्या आणि वहीत लिहिलं, कट्टा, ३२ पायऱ्या, कठडा चढताना उजवीकडे. मला तेव्हा वाटलं म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला लिहितायत. तसं नव्हतं. पुढचं सगळं त्या एका शब्दावरून उलटं मोजत आखलेलं होतं, आधी कुशीवर वळणं, मग बसणं, मग उभं राहणं, मग खोलीतल्या खोलीत, मग दारापर्यंत, मग एक पायरी.

पण गणित बघा. आठवड्याचे तास १६८. मॅडम तीन वेळा पाऊण तास म्हणजे सव्वादोन तास. उरलेले १६५ तास ४५ मिनिटं कुणाचे?

ते दिवसा मामांचे, रात्री आमचे. मामा म्हणजे पेशंट सांभाळायला ब्युरोने पाठवलेला माणूस, पुण्यात आता प्रत्येक बिल्डिंगमध्ये एखादे तरी असे मामा किंवा मावशी असतात, सकाळी आठ ते रात्री आठ. चाळिशीचे, मराठवाड्यातले, आधी सिक्युरिटीत होते, तिथे रात्रपाळीने तब्येत बिघडली म्हणून पेशंट सांभाळायच्या कामाला लागले. आम्ही ब्युरोला दिवसाचे ८०० द्यायचो, मामांच्या हातात त्यातले किती पडायचे ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. ट्रेनिंग काय झालं हे मात्र विचारलं होतं. तर म्हणाले, पहिल्या ड्यूटीला एका जुन्या मामाने डायपर बदलायला आणि चादर न उठवता बदलायला शिकवलं. आणि? आणि काय, मग बघून बघून.

तिसऱ्या दिवशी मामांनी अप्पांना पलंगावरून खुर्चीत घेतलं. कसं, तर आपण सगळेच घेऊ तसं, एक हात काखेत घातला आणि दुसऱ्या हाताने त्यांचा डावा हात धरून वर ओढलं. अप्पा असे ओरडले की समोरच्या फ्लॅटच्या काकू दार उघडून बाहेर आल्या. मला वाटलं घाबरले असतील. दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या, त्यांनी डाव्या खांद्याच्या टोकाखाली बोट ठेवलं, मग माझं बोट धरून तिथे ठेवलं. हाडाच्या खाली खड्डा. अख्खं बोट मावत होतं. खांदा म्हणजे खोल खोबण नाहीच मुळात, तो स्नायूंनी धरून ठेवलेला असतो, ते स्नायूच लुळे पडले की हाताच्या नुसत्या वजनाने गोळा खाली उतरायला लागतो, आणि त्यात कुणी हात धरून ओढला की संपलं, मग दुखणं महिनोन्महिने जात नाही आणि दुखतं म्हणून पेशंट व्यायामच करत नाही. मॅडम हे शांतपणे सांगत होत्या, मामा दारात उभे. त्यांचं तोंड मला अजून आठवतं. ते म्हणाले, मॅडम, मी सहा वर्षं असंच उचलतोय.

त्या एका वाक्याने मला झोप लागली नाही. सहा वर्षं, किती पेशंट. आणि राग कुणावर काढायचा? मामांवर कसा काढणार, त्यांना सांगितलं कुणी होतं. मीपण उचललं असतं तर असंच उचललं असतं.

त्या रात्री बेबीला फोन केला. आमची रात्र म्हणजे तिची दुपार, ती जेवणाच्या सुट्टीत होती, तोपर्यंत तिचं शिक्षण होऊन ती एका पुनर्वसन केंद्रात नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती, आणि त्या सगळ्या काळात मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तू नक्की करतेस काय. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य म्हणाली ते असं, ताई, मी तुला ट्रीटमेंट सांगू शकत नाही हं, तो माझा अधिकार नाही, तुझ्या फिजिओ मॅडम सांगतील तेच करायचं. पण माणसाला धरायचं कसं ते सांगते, आणि तेही आधी मॅडमना विचार.

मग उद्या सकाळी तू बोहरी आळीत जा म्हणाली.

तिकडे गेट बेल्ट (गेट म्हणजे चाल) नावाचा एक साधा पट्टा असतो, साधारण दोन इंच रुंद, जाड सुती कापडाचा, पेशंटच्या कमरेला कपड्यावरून बांधायचा, बोटं आत जातील एवढाच सैल. मग माणसाला काखेत नाही, हाताला नाही, त्या पट्ट्याला धरायचं, तळवा वर करून, खालून. दोन इंच रुंद, जाड, सुती हे ऐकल्याबरोबर माझ्या डोळ्यांसमोर काय आलं तर नवार, आजोळच्या खाटेची. रविवार पेठेत बोहरी आळीत सुतळ्या-दोऱ्यांच्या दुकानात मिळाली, दुकानदार म्हणाला ताई आता नवार कोण विणतंय, मी म्हटलं वडिलांना बांधायचीय, तो बिचारा पुढे काही बोललाच नाही. बकल बॅगवाल्याकडून लावून घेतलं. मॅडमनी ओढून ताणून बघितलं आणि मान हलवली, पण आधी जरा नाराज झाल्या होत्या, कोण सांगतंय तुम्हाला हे सगळं, यूट्यूब का? त्यांचंही बरोबर आहे, प्रत्येक घरात एक अमेरिकेतला सल्लागार असतोच. म्हणून मी सरळ व्हिडिओ कॉल लावून दिला दोघींचा. आणि गंमत म्हणजे ४३ वर्षांची बेबी २६ वर्षांच्या मुलीशी असं बोलत होती, तुम्ही पीटी आहात, मी पीटीए (आपल्या फिजिओला तिकडे पीटी म्हणजे फिजिकल थेरपिस्ट म्हणतात, पीटीए म्हणजे त्यांची असिस्टंट), तुम्ही प्लॅन सांगा, मी मामांना फक्त हात कुठे ठेवायचा ते दाखवते.

त्या कॉलनंतर आमच्याकडे रोज सकाळी साडेआठची शाळा सुरू झाली. तिकडे रात्रीचे अकरा, बेबी मुलांना झोपवून, स्वतःच्या नवऱ्याला सोफ्यावर बसवून त्याच्यावर दाखवायची. आधी बसलेल्या माणसाला पुढे सरकव, पाय मागे घे, नाक गुडघ्याच्या पुढे येऊ दे, मग उठतो माणूस आपोआप. चालवताना लुळ्या बाजूला उभं राहायचं आणि अर्धं पाऊल मागे, काठी चांगल्या हातात. पलंगावरून उठवलं की लगेच उभं करायचं नाही, पाय सोडून दोन-तीन मिनिटं बसू द्यायचं कारण बीपी खाली येतं आणि चक्कर येते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. हे शेवटचं मामांनी भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवलं, चढ चांगला, उतर अधू. अजून आहे भिंतीवर.

पण मला सगळ्यात जास्त भावलं ते मदतीचं मोजमाप. आपण म्हणतो थोडा आधार लागतो, जास्त आधार लागतो. त्यांच्याकडे त्याला आकडे आहेत. पेशंट कामातलं ७५ टक्के किंवा जास्त स्वतः करत असेल आणि उरलेलं तुम्ही, तर ती किमान मदत. ५० ते ७४ म्हणजे मध्यम. २५ ते ४९ म्हणजे कमाल. आणि त्याही खाली गेलं तर पेशंट पूर्ण अवलंबून. आणि या सगळ्याच्या वरची एक पायरी आहे, तिला म्हणतात कॉन्टॅक्ट गार्ड, म्हणजे हात लागलेला असतो पण जोर शून्य, तोल गेला तरच धरायचं. मामांना हे फार अवघड गेलं. त्यांचा जन्म उचलण्यात गेलेला, हात ठेवून न उचलणं म्हणजे त्यांना कामचुकारपणा वाटायचा. बेबी ओरडायची, मामा, सोडा, सोडा, ते करतायत ना, करू द्या! आणि मामा घामाघूम, काहीही न करता.

यासाठी दोन वर्षं कॉलेज करावं लागतं का? हा माझा खरा प्रश्न होता, आणि तो मी यावेळी डिलीट न करता सरळ विचारला. तर बेबीने सांगितलं ते असं. तिकडे पीटीए व्हायचं तर मान्यताप्राप्त कॉलेजातून दोन वर्षांची असोसिएट डिग्री, साधारण पाच सेमिस्टर. त्यात घुसायच्या आधीच शरीररचना आणि शरीरक्रिया, मानसशास्त्र, इंग्रजी असले पेपर पास झालेले लागतात, ही बीकॉमवाली बाई वयाच्या ३८व्या वर्षी हाडांची नावं पाठ करायला बसली, मनगटातली आठ छोटी हाडं तिने म्हणे पोळ्या लाटताना पाठ केली. मग स्नायू कुठून निघतो कुठे चिकटतो, सांध्याचा कोन कसा मोजायचा, स्नायूची ताकद शून्य ते पाच कशी ठरवायची, जखमा, हृदयाचे पेशंट, लहान मुलं, म्हातारे. शेवटी काही महिने खऱ्या पेशंटवर, दवाखान्यांत, फिजिकल थेरपिस्टच्या नजरेखाली. आणि मग देशभर एकच असलेली परीक्षा, २०० ते ८०० अशा मापात गुण, ६०० ला पास, त्याशिवाय राज्याचं लायसन नाही आणि लायसनशिवाय पेशंटला हात नाही. प्रॅक्टिकलला तिच्या वर्गातल्या एका मुलीने सगळं एक नंबर केलं, बोलली छान, बेल्ट बरोबर, पाय बरोबर, फक्त व्हीलचेअरचा ब्रेक लावायला विसरली. नापास. पुन्हा ये.

आणि एवढं करून अधिकार किती, तर पेशंटची पहिली तपासणी नाही, निदान नाही, प्लॅन ठरवणं नाही, बदलणं नाही. ते सगळं फिजिकल थेरपिस्टचं, ज्याला तिकडे आता डॉक्टरेट लागते, पदवीनंतर साधारण तीन वर्षं. बेबीने त्या प्लॅनमधले व्यायाम करून घ्यायचे, चालवायचं, मोजायचं, रोजची नोंद लिहायची, आणि काही वेगळं दिसलं तर थांबायचं आणि कळवायचं. तिच्या खालीही अजून माणसं असतात, त्यांना एड किंवा टेक म्हणतात, ते लायसनवाले नसतात, चादरी, मशिनं, पेशंट आत-बाहेर नेणं, आणि लोकांना हा फरक तिकडेही कळत नाही म्हणे. वर १ जानेवारी २०२२ पासून मेडिकेअर, म्हणजे तिथल्या म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, असिस्टंटने केलेल्या कामाचे पैसे ८५ टक्केच देतो. बेबी हसून म्हणाली, तोच पेशंट, तोच गुडघा, पण माझा हात लागला की १५ टक्के सूट.

मला आधी हे ऐकून वाटलं, काय उपयोग, दोन वर्षं शिकायचं आणि नाही-नाही-नाहीची यादी घेऊन बाहेर पडायचं. मग ताटाचा प्रकार झाला.

अप्पा चटणीशिवाय जेवत नाहीत. लसणाची, तिळाची, कारळ्याची, काहीही, पण पाहिजे. आजारातून उठल्यावर त्यांनी रोज एक भुणभुण लावली, आज चटणी नाही? असायची. मी वाढलेली असायची. मामा म्हणायचे म्हातारपणी असं होतं, मी म्हणायचे जिभेची चव गेली असेल, माझा नवरा म्हणाला चिडचिडेपणा आहे तो, आजारी माणूस असंच करतो. एके दिवशी जेवणाच्या वेळी बेबीचा कॉल चालू राहिला होता, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला. ती एकदम म्हणाली, ताई, ताट जरा दाखव. जेवण झालेलं ताट. उजवीकडची भाजी संपलेली, आमटी संपलेली, भात उजव्या निम्म्यात संपलेला, अगदी रेघ मारल्यासारखा, आणि डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर जशीच्या तशी. आता ताट फिरव म्हणाली, अर्धं. मी फिरवलं. अप्पा ताटाकडे बघून म्हणाले, अगं, ही बघ की चटणी.

मला रडू आलं तिथेच. आपण पिढ्यान्‌पिढ्या डावी बाजू, उजवी बाजू करत ताट वाढतो, आणि यांच्यासाठी जगाची डावी बाजूच नव्हती, नजर शाबूत होती, पण तिकडे लक्षच जात नव्हतं. मी बेबीला विचारलं, हे काय आहे, याला काय म्हणतात? आणि ती म्हणाली, मला वाटतं ते मी सांगणार नाही. नाव देणं माझं काम नाही. मी काय बघितलं ते सांगते, ते तू जसंच्या तसं मॅडमना सांग, आणि आज सांग, परवा त्या येतील तेव्हा नको. मी जरा चिडलेच, इतकं काय, घरातली माणसं आहोत आपण. पण ती बधली नाही. संध्याकाळी मॅडमना फोन केला, त्या दुसऱ्या दिवशी आल्या, कागदावर रेघा काढून मधोमध खूण करायला लावली, अप्पांनी सगळ्या खुणा उजवीकडे सरकवून केल्या, मग न्यूरोच्या डॉक्टरांशी बोलल्या आणि मग नाव आलं, नेग्लेक्ट. उजव्या मेंदूच्या झटक्यात होतं हे बऱ्याच जणांना. प्लॅन बदलला. मामांची खुर्ची अप्पांच्या डावीकडे, टीव्ही हळूहळू डावीकडे, सगळ्यांनी बोलायचं डावीकडून, आणि ३२ पायऱ्यांचा बेत महिनाभर पुढे ढकलला कारण ज्या माणसाला डावीकडची भिंत दिसत नाही त्याला जिन्यात नेणं म्हणजे काय ते समजलं ना. आम्ही पुढच्याच आठवड्यात नेणार होतो. कट्टेकऱ्यांना सांगूनही झालं होतं.

त्या दिवशी मला त्या नाही-नाही-नाहीच्या यादीचा अर्थ लागला. मामांनीही ते ताट बघितलं होतं, पंधरा दिवस रोज, धुतलंही होतं. बघायला शिकवलेलं नव्हतं, आणि दिसलं असतं तरी कुणाला सांगायचं तेही माहीत नव्हतं. आमच्यापैकी प्रत्येकाने मात्र नाव लगेच देऊन टाकलं होतं, म्हातारपण, चव, चिडचिड.

हे असिस्टंट प्रकरण आलं कुठून म्हणून मी मग वाचायला लागले, आणि फिरून खडकीतच आले. अप्पा रोज सायकलवरून फॅक्टरीत जाताना ज्या भागातून जायचे तिथे क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, पहिल्या महायुद्धातल्या अपंग जवानांना काम शिकवायला १९१७ साली सुरू झालेली संस्था. (तिकडेच पॅराप्लेजिक सेंटर पण आहे, अप्पा लहानपणी मला तिथल्या व्हीलचेअरवरच्या फौजी लोकांना सलाम करायला लावायचे.) आणि त्याच युद्धात अमेरिकेने जखमी सैनिकांसाठी बायका भरती केल्या, रिकन्स्ट्रक्शन एड्स, पुनर्बांधणीच्या मदतनीस, म्हणजे आज ज्यांना फिजिकल थेरपिस्ट म्हणतात त्यांच्या आज्या या स्वतः मदतनीस म्हणूनच सुरू झालेल्या. १९२१ मध्ये त्यांनी मेरी मॅकमिलनच्या पुढाकाराने संघटना काढली. मग पोलिओ आला, दुसरं युद्ध आलं, १९६५ ला मेडिकेअर आलं, पेशंट इतके वाढले की थेरपिस्ट पुरेनात, आणि कामावर शिकलेली माणसं जिकडेतिकडे भरली जायला लागली, आपल्या मामांसारखी. तेव्हा त्या संघटनेने १९६७ मध्ये ठरवलं की मदतनीस हवेतच, तर मग शिकवून घेऊ, आणि १९६९ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली, १५ जणांची. फक्त १५. म्हणजे हेही काही आभाळातून पडलेलं नाही, तिकडेही आधी गोंधळच होता.

आपल्याकडे फिजिओथेरपीचं पहिलं कॉलेज १९५३ साली मुंबईत केईएमला सुरू झालं, तेही पोलिओच्या साथीनंतर, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. आज पुण्यातच किती कॉलेजं आहेत, संचेतीचं आहे, भारती विद्यापीठाचं आहे, पिंपरीला आहे, आमच्या मॅडम यातल्याच एकीकडून चार वर्षं आणि वर सहा महिने इंटर्नशिप करून आलेल्या. आणि त्यांचा स्वतःचाच झगडा संपलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढलं की फिजिओथेरपिस्टनी नावामागे डॉ. लावू नये, आणि लगेच ते पत्र मागेही घेतलं, आमच्या मॅडम त्या आठवड्यात अप्पांच्या पायाला नेहमीपेक्षा जरा जास्तच जोर लावत होत्या. आता ज्यांना स्वतःचं नाव मिळवायचीच मारामार, त्यांनी मामांच्या नावासाठी कधी भांडायचं?

कायदा आलाय तसा. २०२१चा, सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठीचा राष्ट्रीय आयोग. त्यात दोन पायऱ्या धरल्यात, एक दोन ते चार वर्षांत किमान २००० तास शिकलेले आणि दुसरी तीन ते सहा वर्षांत किमान ३६०० तास शिकलेले. वाचून बरं वाटलं, २००० तास म्हणजे बेबीच्याच मापाचं काहीतरी. पण फिजिओथेरपीच्या रकान्यात बघितलं तर एकच नाव, फिजिओथेरपिस्ट. खालची पायरी मोकळी. आणि गंमत अशी की कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या व्यवसायांच्या यादीत फिजिओथेरपी टेक्निशियन आणि असिस्टंट यांना चक्क स्वतंत्र नंबर आहे, ३२५५. म्हणजे जगाच्या वहीत मामांना नंबर आहे, आपल्या वहीत नाव नाही. कुणी म्हणेल इथे फिजिओलाच पगार नीट मिळत नाहीत, त्यात हे असिस्टंट काढले तर दवाखाने फिजिओ ठेवणारच नाहीत, स्वस्तात असिस्टंटवर भागवतील. मॅडम हेच म्हणाल्या. खोटं नाही ते, आपल्याकडे असं होऊ शकतं. पण आज भागवतायतच की, फक्त असिस्टंटवर नाही, मामांवर, न शिकवलेल्या. मी हे म्हटल्यावर त्या गप्प बसल्या आणि म्हणाल्या, काकू, नवार कुठे मिळाली ती? मला पाच मीटर पाहिजे.

अप्पा माघातल्या एका संध्याकाळी खाली उतरले. कॉन्टॅक्ट गार्ड, ३२ पायऱ्या, मध्ये लँडिंगवर एक थांबा, मामा एक पायरी खाली, डाव्या अंगाला, पट्ट्याला हात पण जोर नाही, आणि तोंडाने उतर अधू, उतर अधू. कट्ट्यावर चहा आला, अप्पांनी कप उजव्या हाताने घेतला आणि बशी डावीकडे ठेवली होती ती त्यांना दिसली. खांदा अजून दुखतो पण. तो बोटभर खड्डा थोडा भरला, पूर्ण नाही.

मग मामांची ड्यूटी संपली, अप्पांना पूर्णवेळ माणूस लागेना आणि ब्युरोने त्यांना हडपसरला पाठवलं. जायच्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, मॅडम, बेबीताईंनी केला तसा कोर्स इकडं असतो का? मी शोधून ठेवते म्हटलं. शोधला. पाट्या बऱ्याच आहेत, सहा महिने, एक वर्ष, सर्टिफिकेट, शंभर टक्के नोकरी, पण मॅडमना विचारलं की यातलं कुठलं सर्टिफिकेट बघून तुम्ही माणूस घ्याल, तर त्यांनी नुसती मान हलवली. मामांना काय सांगायचं ते ठरत नव्हतं म्हणून मी फोन टाळत होते, खरं सांगते.

परवा रविवारी सकाळी त्यांचाच आला. तिकडे गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी आहेत, दहा दिवस झालेत. म्हणाले, मॅडम, आज मी आजींना चालवलं नाही. घरचे चिडलेत, म्हणतात चालवायचेच पैसे देतो. पण एकाच पायाची पोटरी सुजलीय, कालपेक्षा जास्त, हात लावला तर गरम, आणि दाबलं नाही तरी दुखतीय. बेबीताई म्हणल्या होत्या ना, असं दिसलं तर चालवायचं नाही, चोळायचं तर अजिबात नाही, सांगायचं.

मी म्हटलं, डॉक्टरांना फोन करायला लावा, आत्ताच्या आत्ता.

लावला की मघाशीच, म्हणाले, गाडी बोलवलीय, निघालेत. मी फक्त विचारायला केला, त्या आजाराचं नाव काय होतं? ताईंनी एकदा सांगितलेलं, आठवंना.

मलापण पटकन आठवेना. आणि मग मीच म्हटलं, नाव आपण नाही सांगायचं मामा.

हां, म्हणाले. नाव डॉक्टर सांगतील. मी आपली पोटरी सांगतो. आणि फोन ठेवता ठेवता, मॅडम, तो पट्टा माझ्याकडंच राहिला हो, चुकून पिशवीत आला. आणून देऊ का?

राहू दे म्हटलं. बोहरी आळीत अजून मिळते.